लाईट गेली, बँड उघडला

(पडदा काळा. फक्त आवाज: सलग खरखर, तिच्याआड कुणीतरी बोलत असल्याचा भास.)

ही खरखर लातूर शहरातल्या एका घरातली. रेडिओ चांगला आहे, गच्चीवर अँटेनाही आहे. पण भोवती घराघरांत एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, मोबाईलचे चार्जर. यातली बरीचशी यंत्रं आपापला थोडा कचरा, म्हणजे नको असलेल्या रेडिओ लहरी, हवेत सोडत असतात. पुण्याहून कुणी बोलतंय. बोलतंय एवढंच कळतं.

(खरखर तुटते. बालाघाट डोंगररांगेतला उघडा माळ, हिवाळ्यातली सकाळ. स्पिकरवर हलकी सूंऽऽ, आणि स्वच्छ मराठी बोलणं.)

आता तोच रेडिओ अंबाजोगाईजवळच्या माळावर. माणूसही पुण्याचाच. फक्त मधला कचरा गेला.

आज इथे एका हौशी रेडिओ क्लबचा ‘फील्ड डे’ आहे. हौशी रेडिओवाले, म्हणजे ‘हॅम’: परवाना काढून, छंद म्हणून, स्वतःच्या रेडिओ संचावरून एकमेकांशी बोलणारी माणसं. सामान घेऊन उघड्यावर जायचं, महावितरणची वीज वापरायची नाही, मोबाईलला हात लावायचा नाही, आणि रात्रंदिवस स्टेशन चालवायचं. ही प्रथा अमेरिकेतली, 1933 पासूनची. तिकडे ती जूनच्या चौथ्या शनिवार-रविवारी पाळतात. आपल्याकडे जूनमध्ये माळावर लांब तार उभी करणं म्हणजे विजेला अक्षता देणं. म्हणून मराठवाड्यात हे काम हिवाळ्यात. हिवाळ्यात हुरडाही असतो, हे कारण कुणी उघड सांगत नाही.

(जीपमधून बांबू, तारेची भेंडोळी, बॅटऱ्या उतरतात.)

इथलं मुख्य यंत्र रेडिओ नाही, तार आहे. 143 ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीनं भागायचं, मीटरमध्ये लांबी मिळते. 7.1 मेगाहर्ट्झला वीस मीटर आणि वर थोडी. मधोमध कापून दोन हात करायचे, कापल्या जागी केबल जोडायची. झाली डायपोल नावाची अँटेना. हिशेबापेक्षा तार थोडी लांबच घेतात आणि जुळणी दाखवणाऱ्या मीटरचा काटा बघत बघत छाटतात.

ती किती उंच बांधायची? नवा माणूस म्हणतो, जितकी उंच तितकी चांगली. परदेशाशी बोलायचं तर खरंच आहे. पण इथून पुणे आणि हैदराबाद, दोन्ही सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आत. त्यांच्यासाठी तार ठेंगणीच बरी. जमिनीपासून पाच-सहा मीटरवरची तार आपली बरीचशी ताकद सरळ आभाळात फेकते. वर अडीचशे-तीनशे किलोमीटरवर आयनांचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचा, थर आहे. तिथून ती लहर छत्रीसारखी खाली पसरते आणि आसपासचा तीनशे-चारशे किलोमीटरचा मुलूख भिजवते. डोंगर, दऱ्या, काहीच आड येत नाही. माळावर उंच झाड नाही याचं दुःख करायचं कारण नाही.

खुंट्यांचं मात्र दुःख आहे. वर वीतभर मुरूम, खाली काळा पाषाण. पहार टणकन उडते. शेवटी बांबूंना धरून ठेवणारे ताण (दोर) दगडांना बांधले जातात, आणि एक जीपच्या चाकाला. त्या जीपला आता उद्यापर्यंत हलता येणार नाही.

(शेजारच्या शेतातले एक काका येऊन उभे राहतात.)

“काय करायलात हो? टावर बसायलाय का हितं?”

नाही काका, रेडिओ आहे.

“मग गाणी लावा की.”

गाणी लावता येत नाहीत. या परवान्यावर गाणी, जाहिराती, धंद्याची बोलणी, सगळं बंद. परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो, परीक्षा देऊन, वयाच्या बाराव्या वर्षापासून. मग प्रत्येकाला स्वतःचं कॉल साईन, म्हणजे हवेतलं ओळखीचं नाव. आपल्याकडची बहुतेक व्हीयू टू किंवा व्हीयू थ्रीनं सुरू होतात. परवाना नसलेल्यानं माईक दाबायचा नाही. काकांचा त्यावर पुढचा प्रश्न: “मग बोलता काय एकमेकांशी?” खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हेच, की तुझा आवाज कसा येतोय, अँटेना कुठली, हवा कशी. बाहेरच्याला हे पोरखेळ वाटतं. मलाही बराच काळ वाटत होतं.

(जुनं दगडी भिंताड. निवेदनाचा वेग कमी.)

या माळाच्या दक्षिणेला, औसा तालुक्यात किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. भूकंप. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतरच्या मदतकार्यात निरोप पोचवायला हॅम मंडळी आपले संच घेऊन आली होती. 2001 ला भूजच्या भूकंपातही आली.

2004 च्या डिसेंबरात तर भारती प्रसाद या हॅमच्या नेतृत्वाखाली एक तुकडी हौसेनं अंदमानात जाऊन स्टेशन चालवत होती. 26 तारखेला त्सुनामी आली. तार आधीच उभी होती, माणसं आधीच बसलेली होती. जगभर ‘आवाज कसा येतोय’ विचारणारं ते स्टेशन त्या दिवसापासून माणसांची खुशाली कळवू लागलं.

(तंबूत टेबल, वही, हेडफोन लावलेली अकरावीतली मुलगी.)

दुपारी निरोपांचा सराव. गप्पा वेगळ्या, निरोप वेगळा. निरोप कागदावर लिहायचा, शब्द मोजायचे, पलीकडच्यानं लिहून घेऊन परत वाचून दाखवायचा. शब्दसंख्या जुळली नाही तर पुन्हा. आकडे सुटे सुटे सांगायचे. ‘एकोणसाठ तंबू’ खरखरीत ‘एकोणसत्तर’ होतात, कधी ‘एकोणऐंशी’. म्हणून पाच, नऊ. या मुलीला व्हीयू थ्री मिळून फार दिवस झालेले नाहीत. हैदराबादचा ऑपरेटर तिच्याकडून तोच निरोप पुन्हा वदवून घेतो, आणि ती न चिडता वदते.

(संध्याकाळ. शेकोटी, हुरडा. अचानक रेडिओवर घरघर.)

दिवेलागणीनंतर स्टेशन बहिरं झालं. या आठवड्यात शेतीची थ्री फेज रात्रपाळीला आहे. मोटारी सुरू झाल्या, लाईनवर भार आला, आणि खांबावरचे सैल जंपर (जोडतारा), धूळ बसलेले इन्सुलेटर ठिणग्या टाकू लागले. शहर सोडून इतक्या लांब आलो तरी खरखर मागोमाग आलीच.

नऊच्या सुमारास लाईट गेली. शिवारातून शिव्या ऐकू आल्या. तंबूत टाळ्या पडल्या. बँड, म्हणजे आम्ही ऐकत होतो तो लहरींचा पट्टा, एकदम धुतल्यासारखा स्वच्छ. लोडशेडिंगचं स्वागत करणारी मराठवाड्यातली ही बहुधा एकमेव जमात.

पण सगळंच गप्प झालं नव्हतं. टिक. टिक. टिक. सेकंदाला एक, घड्याळासारखा.

एक निवृत्त मास्तर खिशातला छोटा ट्रान्झिस्टर काढून, मीडियम वेव्हवर लावून, अंधारात चालू लागले. टिकटिक जिकडे मोठी, तिकडे पाय. ती पोचली काकांच्याच बांधावर. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं. ते बॅटरीवर चालतं, त्याला लाईट गेल्याचं काय? एका खुंटाला प्लास्टिकचा इन्सुलेटर फुटला होता आणि तार ओल्या लाकडाला टेकून दर ठोक्याला ठिणगी मारत होती. हीच ठिणगी रेडिओला ऐकू येते, आणि हीच ठिणगी डुकराला बसणारा झटका कमी करते. काकांनी मशीन बंद करून नवा इन्सुलेटर ठोकला. “म्हणूनच डुकरं आत शिरायलीत,” असं म्हणाले. यानंतर आम्हाला आणखी हुरडा आला.

रात्र सरत गेली तशी युरोपातली स्टेशनं उगवली, मोर्समध्ये, खणखणीत. त्यावर वेगळी फिल्म होईल.

(अंधार. हेडटॉर्चचे हलते उजेड.)

पहाटे साडेतीनला सगळी तार खाली उतरवली. मुद्दाम. किल्लारीची वेळ धरून, झोपेतून उठून, थंडीत, टॉर्चच्या उजेडात स्टेशन पुन्हा उभं करायचं, हा या क्लबचा खरा पेपर. तारेला गाठी पडल्या, एक ताण दगडासकट निघून आला. तरी चारच्या आसपास तार वर गेली.

पुण्याला हाक दिली. उत्तर नाही. हैदराबाद नाही. युरोप मात्र अजून बोलतोय.

बिघाड काहीच नाही. सूर्य मावळला की वरच्या थरातलं आयनीभवन रात्रभर ओसरत जातं, पहाटे सगळ्यात कमी उरतं. मग 7 मेगाहर्ट्झची सरळ वर गेलेली लहर परत फिरत नाही, थर भेदून निघून जाते. तिरकी जाणारी तेवढी वाकते आणि लांब कुठेतरी पडते. दिवसभर ज्या तारेनं पुणे जवळ आणलं, ती नेमक्या या वेळेला शेजाऱ्यासाठी मुकी.

उपाय खालची फ्रिक्वेन्सी, साडेतीन मेगाहर्ट्झच्या वर, म्हणजे तार दुप्पट, चाळीस मीटर. दोन्ही टोकांना दहा-दहा मीटरच्या जादा तारा जोडायच्या. त्या जीपमध्ये सीटखाली होत्या. शोधायला वेळ गेला. एक टोक बाभळीला, दुसरं काकांच्या तुरीच्या पाट्यात रोवलेल्या काठीला.

पुन्हा हाक. आता पुणे आलं. खरखरीतून, पण अक्षर न् अक्षर. मुलीनं निरोप सांगितला: तंबू पाच, नऊ. तिकडून परत आला: पाच, नऊ. शब्दसंख्या जुळली.

उजाडल्यावर सामान बांधताना मास्तरांनी त्या दोन जादा तारा मूळ तारेच्याच भेंडोळ्यात गुंडाळल्या, दोन्ही जोडांवर लाल चिकटपट्टी लावली आणि बजावलं, की यापुढे त्या वेगळ्या ठेवायच्या नाहीत.