आठ दिसतो की तीन? डॉ. इशिहारा आणि ठिपक्यांचं पुस्तक

नमस्कार मंडळी. रंगांधळेपणावर बोला, बोला म्हणून तुम्ही मागं लागलात, आणि त्याचं कारण ते फॉरवर्ड. ठिपक्यांचं गोल चित्र, खाली ‘आकडा दिसला नाही तर तुम्ही रंगांध’. ते चित्र ज्यांचं, त्यांचं नाव शिनोबू इशिहारा. आज त्यांच्याबद्दल, आणि मोबाइलवर ही तपासणी का होत नाही याबद्दल. दुसऱ्या मुद्द्यावर मी जरा चिडणार आहे, आधीच सांगतो.

चरित्र पटकन उरकू. जन्म १८७९, टोकियो. १९०५ साली टोकियो इम्पीरियल विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि सैन्यात गेले. आधी शस्त्रक्रिया, मग १९०८ पासून डोळे. पुढं आर्मी मेडिकल कॉलेजात शिकवायला लागले. मध्ये जर्मनीत शिकायला गेले, तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि परत यावं लागलं. १९२२ मध्ये विद्यापीठात प्राध्यापक, १९४० मध्ये निवृत्त, १९६३ मध्ये निधन. झालं.

आता कामाचं. सैन्याला भरतीतले रंगांध जवान झटपट ओळखायचे होते. त्याआधी होल्मग्रेन या स्वीडिश शास्त्रज्ञाची लोकरीची पद्धत होती. १८७५ साली स्वीडनमध्ये लागेरलुंडाला रेल्वेचा अपघात झाला, कर्मचाऱ्याला सिग्नलचे रंग कळले नसावेत असा संशय आला, त्यानंतर ती पसरली. रंगीत लोकरीच्या लडी समोर टाकायच्या आणि जुळणाऱ्या निवडायला सांगायचं. ठिपक्यांची चित्रंही जर्मनीत श्टिलिंग या डोळ्यांच्या डॉक्टरांनी इशिहारांच्या आधीच काढली होती. म्हणजे कल्पना मुळात इशिहारांची नाही. कमेंटमध्ये कुणी हे लिहिण्याआधी मीच सांगून टाकलं.

इशिहारांची कमाल रंगांच्या निवडीत आहे. पहिली चित्रं त्यांनी स्वतः जलरंगात रंगवली. आकड्यांऐवजी त्यात जपानी हिरागाना अक्षरं होती. त्यांचा एक सहकारी डॉक्टर स्वतः रंगांध होता, त्याला चित्रं दाखवून दाखवून रंग पक्के केले. बाहेरच्या जगासाठी आकड्यांची आवृत्ती आली १९१७ साली.

आता या चित्रांच्या पुस्तकातलं दुसरं पान बघा. नीट दिसणाऱ्याला इंग्रजी आठ दिसतो, लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्याला तीन. इंग्रजी आठाच्या डाव्या बाजूचे दोन तुकडे झाकलेत की तीनच उरतो, आणि नेमके तेच तुकडे अशा रंगात आहेत की गोंधळणाऱ्याला ते पार्श्वभूमीत विरघळतात. (आपल्या देवनागरी ८ मधून ३ काढून दाखवा! म्हणून मराठी आकड्यांचं पुस्तक काढा ही सूचना बाद.) सहाचा पाच होतो तोही असाच. अठरा ते एकवीस या पानांवर तर उलटं: नीट दिसणाऱ्याला काहीच दिसत नाही, रंगांध माणूस आकडा वाचतो. लाल-हिरव्याचा जो कालवा आपली नजर भरकटवतो, तो त्याला दिसतच नाही, त्यामुळं खालचा बारीक फरक त्याच्या नजरेत भरतो.

आता मुख्य गाठ. ठिपके लहानमोठे का? काही गडद, काही फिकट का? शोभेसाठी नाही. रंगांध माणूस आयुष्यभर गडद-फिकट यावरूनच निभावत असतो. आकडा एकसारखा गडद आणि पार्श्वभूमी एकसारखी फिकट असती, तर रंग न कळताही त्यानं आकडा वाचला असता. म्हणून इशिहारांनी दोन्हीकडं गडद-फिकट मुद्दाम मिसळलं. आकडा फक्त रंगछटेनं वेगळा पडतो. या बेतात कुठंही गडद-फिकटाचा फरक घुसला, की उत्तर फुटलं.

आता मोबाइल घ्या. छापील पानावरची शाई प्रकाश परत पाठवते, स्क्रीन स्वतःच लाल, हिरवा, निळा प्रकाश सोडते. ते ठिपके ज्या शाईनं जुळवलेत ती शाई स्क्रीनमध्ये नाहीच. वर तुमचा नाइट मोड, ब्राइटनेस, आणि चार वेळा फॉरवर्ड होऊन दाबलेला फोटो. दाबताना रंगाची बारीक माहिती आधी उडते, गडद-फिकट टिकतं. म्हणजे नेमकं उलटं!

तीच गोष्ट बल्बची. ‘आमच्याकडं खरं पुस्तक आहे’ असं एकानं अभिमानानं लिहिलंय. छान, पण कुठल्या उजेडात उघडता? जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल जास्त आणि निळा कमी असतो. शाईचं जुळवलेलं गणित बिघडतं आणि सौम्य दोष असलेला माणूस पास होऊन जातो. दिवसाचा उजेड हवा, पण थेट ऊन नको.

आणि तीच गोष्ट जुन्या पुस्तकाची. खिडकीत उघडं पडलेलं, बोटांचे डाग लागलेलं. सगळ्या शाया सारख्या उडत नाहीत. एखादी आधी फिकी होते आणि आकडा पुन्हा गडद-फिकटावर उठून दिसतो. कलर झेरॉक्सबद्दल तर विचारूच नका.

नीट तपासणी अशी: पुस्तक ७५ सेंटिमीटरवर, नजरेला काटकोनात. जवळचा नंबर असेल तर चष्मा लावायचा, पण रंगीत काचेचा नाही. लाल काच लावून आकडा वाचता येतो, दृष्टी सुधारत नाही. एका पानाला तीन सेकंद. ‘थांबा, थांबा, आलंच’ चालत नाही. पानांचा क्रम बदलायचा, कारण भरतीची पोरं उत्तरं पाठ करून येतात. पहिल्या पानावरचा बारा सगळ्यांनाच दिसतो. तोही वाचला नाही तर नजर कमी आहे, किंवा समोरचा नाटक करतोय.

अडतीस पानी आवृत्तीत पहिली एकवीस पानं मोजायची. सतरा किंवा जास्त बरोबर म्हणजे ठीक, तेरा किंवा कमी म्हणजे दोष. पुढं २६, ४२, ३५, ९६ हे आकडे येतात. सव्वीसमधला सहाच दिसला तर दोष लाल बाजूचा, दोनच दिसला तर हिरव्या बाजूचा. दोष किती तीव्र हे या पुस्तकावरून ठरत नाही, निळ्या-पिवळ्याचा दोष तर यात पकडलाच जात नाही. त्यासाठी रंगीत टोपणं क्रमानं लावायची डी-१५ चाचणी असते, आपल्या रेल्वेत एड्रिज-ग्रीन लँटर्नही (रंगीत दिवे ओळखायची चाचणी) वापरतात.

टीबीसाठी एथॅम्ब्युटॉल चालू असलेल्यांनी विचारलं होतं. त्या औषधानं डोळ्याच्या नसेला त्रास झाला तर लाल-हिरवं आधी बिघडू शकतं, म्हणून तिथं एकेक डोळा झाकून तपासतात. जन्मजात दोषात दोन्ही डोळे सारखेच असतात, दोन्ही उघडे ठेवून चालतं.

लायसन्सचा प्रश्न दर वेळी येतो. जून २०२० मध्ये नियम बदलला, सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना लायसन्स मिळतं. आणि पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेतल्या प्रवेशाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकाल २०२२ मध्ये लागला. फिल्म एडिटिंगसह कुठल्याच कोर्सला रंगांधळेपणावरून प्रवेश नाकारू नका, असं कोर्टानं सांगितलं. म्हणजे पुस्तक दोष सांगतं, नोकरी-शिक्षणाचा निकाल देत नाही. इशिहारांनी ते चाळणीसाठी केलं होतं, आणि आपण त्याचा दाखला करून टाकला.

शेवटचा प्रश्न, एका आईचा: मुलगा चार वर्षांचा, आकडे येत नाहीत, मग कसं? त्यासाठी पुस्तकात मागं वळणावळणाच्या रेषांची पानं आहेत. एका खुणेपासून दुसरीपर्यंत रेष गिरवायची, दहा सेकंदांत. हातात मऊ ब्रश द्यायचा, कोरडा. बोटानं गिरवू द्यायचं नाही, नाहीतर पुढच्या मुलाला रेष रंगावरून नाही, तेलकट डागावरून सापडेल.