टॉवर लाइन आणि आपल्या पांढऱ्या पेशी

नमस्कार मंडळी! धायरी म्हणा, वाकड म्हणा, पुण्याच्या कडेला फ्लॅट बघायला गेलं की कुठल्या तरी खिडकीतून हायटेन्शनच्या तारा दिसतातच आणि मग घरात चर्चा सुरू, या तारांनी पोरांची इम्युनिटी तर नाही ना कमी होणार?

बघा, तारेभोवती दोन गोष्टी असतात, व्होल्टेजमुळे इलेक्ट्रिक फील्ड आणि करंट वाहिला की मॅग्नेटिक फील्ड. इलेक्ट्रिकवालं भिंतीने, झाडाने बरंचसं अडतं आणि आपलं शरीर स्वतःच वीजवाहक, त्यामुळे लाइनखाली मोकळ्यावर उभं राहिलात तरी अंगाच्या आत पोचतं ते बाहेरच्यापेक्षा लाखो पटीने कमी.

आता रोगांशी लढणाऱ्या, म्हणजे इम्युनिटी सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशींना वीज कळते हे मात्र खरंय हं. जखम झाली की तिथे शरीरच बारीकसं इलेक्ट्रिक फील्ड तयार करतं आणि पेशी अशा फील्डच्या दिशेने सरकतात हे लॅबमध्ये दिसलंय. पण ते फील्ड एका दिशेचं असतं. लाइनमुळे अंगात येतं ते त्याहून हजारो पटीने कमजोर, त्यात सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारं, मग पेशीने जायचं तरी कुठे? लिम्फोसाइटवर, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकारावर, प्रयोग खूप झाले, कुणाला फरक दिसला, कुणाला नाही, आणि २००७ मध्ये डब्ल्यूएचओने सगळं चाळून इम्युनिटीबद्दलचा पुरावा अपुरा ठरवला.

मॅग्नेटिक फील्डचं प्रकरण जरा वेगळंय. १९७९ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला लहान मुलांच्या ल्युकेमियाशी, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच कॅन्सरशी, संबंध दिसला, पुढे बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा मॅग्नेटिक फील्ड सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाच्या (हे ते मोजायचं एकक) वर असलेल्या घरांत धोका साधारण दुप्पट निघाला. पण अशी घरं फारच थोडी, आणि कारण तारच आहे हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून २००२ मध्ये डब्ल्यूएचओच्याच आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने मॅग्नेटिक फील्डला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं, इलेक्ट्रिक फील्डबद्दल तर कर्करोगकारक आहे की नाही हे ठरवताच आलं नाही.

मला विचाराल तर भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटावी. लाइनला खेटून वाढवलेला मजला, गच्चीवर उभी केलेली लोखंडी सळई, संक्रांतीला तारेत अडकलेला पतंग बांबूने काढणारी पोरं. हायटेन्शनला हात लावावाच लागत नाही, जवळ गेलात तरी ठिणगी उडी मारते. तेव्हा फ्लॅट बघताना लाइनपासूनचं अंतर नियमात बसतंय का हे बिल्डरला आधी विचारा, आणि पतंग अडकला तर राहू द्या तिथेच, दहा रुपयांत दुसरा मिळतो.