माशी, खाच आणि छिद्र

समोर ब्रिटिश सैन्याच्या दोन ली-एनफिल्ड रायफली आहेत. डावीकडची पहिल्या महायुद्धातली, नंबर वन मार्क थ्री. उजवीकडची दुसऱ्या महायुद्धातली, नंबर फोर. दोघींची गोळी एकच, थ्री-नॉट-थ्री. फरक आहे तो नेम धरण्यात.

मार्क थ्रीची मागची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नळीवर, डोळ्यापासून बरीच लांब. मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा) आणि लक्ष्य, तिन्ही एका रेषेत आणायची. डोळ्याला एका वेळी एकच अंतर लख्ख दिसतं, म्हणून माशीवर नजर ठेवली की खाच धूसर होते, लक्ष्यही. विशीतल्या रंगरुटाला हे जमतं. चाळिशी लागलेल्यानं एकदा करून बघावं!

नंबर फोरमध्ये खाच गेली, छिद्र आलं, आणि तेही बोल्टच्या मागे, थेट डोळ्यापुढे. छिद्रातून बघितलं की माशी आपसूक मधोमध येते. माशी आणि मागची साइट यांच्यातलं अंतर सुमारे 19 इंचांवरून 28 इंचांच्या पुढे गेलं, त्यामुळे माशी केसभर सरकली तरी गोळी पूर्वीइतकी भरकटत नाही. युद्धाच्या घाईत साइट आणखी सोपी झाली: इंग्रजी एल आकाराची पट्टी, एका बाजूला 300 यार्ड, उलटवली की 600. शिपायाला याहून जास्त लागतंच कशाला?

जर्मनांच्या गेवेर 98 रायफलीची साइट पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला 400 मीटरच्या खाली येतच नसे. खंदक शंभर-दोनशे मीटरवर आले, तेव्हा सरळ नेम धरला तर गोळी डोक्यावरून जाई. मुद्दाम खाली धरावं लागे. इंग्रजांनी मात्र हसू नये. मार्क थ्रीच्या डाव्या अंगाला दीड हजार यार्डांपलीकडे सामूहिक गोळीबारासाठी वेगळी साइट होती. ती 1916 पासून गाळली गेली.

जपानच्या टाइप 99 रायफलीच्या साइटला तर उघडणारे पंख होते, उडत्या विमानाच्या किती पुढे नेम धरायचा ते ठरवायला! पुढे तेही गेले.

बंगालमधला ईशापूरचा रायफलींचा कारखाना मात्र नंबर फोरकडे वळलाच नाही, मार्क थ्रीच घडवत राहिला. 1960 च्या दशकात त्याच घाटाची 7.62 मिलिमीटर गोळीची रायफल निघाली. सुरुवातीला तिच्या साइटवर 2000 यार्डांचीच पट्टी होती, नंतर ती 800 मीटरवर आणली. खाच तशीच राहिली.