तांब्या घासू नका, आधी फोटो काढा

नमस्कार मंडळी. आज विषय जरा वेगळा घेतलाय, जुन्या वस्तूंचे फोटो. माळ्यावर, फडताळात, देव्हाऱ्याच्या मागं पडलेलं असतंय बघा, समई, घंगाळ, मापटं, पानाचा डबा, फिरकीचा तांब्या, एखादं बंद पडलेलं घड्याळ, ते सगळं खाली काढायचं, नीट मांडायचं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढावा तसा निवांत त्याचा फोटो काढायचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्थिरचित्र असतंय ना, तेच, फक्त पेन्सिलीऐवजी कॅमेरा.

आता तुम्ही म्हणाल रेडिओवर फोटोचं काय सांगणार. पण माझ्या पुढ्यात आत्ता आजोबांचा अडकित्ता आहे, तो सांगतो म्हणजे कळेल. मुठी पितळी, पातं लोखंडी. पातं सुपारीच्या रसानं काळंभोर झालंय, आणि उजव्या मुठीवर अंगठा टेकायची जागा आहे तिथली नक्षी पार गुळगुळीत झालीय, बाकी सगळीकडं शाबूत. किती वर्षं रोज रोज एकाच जागी अंगठा टेकला असेल. मला फोटोत तो अंगठा पाहिजे असतो, अडकित्ता तर काय बाजारात दुसरा पण मिळेल.

म्हणून पहिली विनंती, फोटो काढायचाय म्हणून वस्तू घासू नका. मी ही चूक केलीय. आजीचा पानाचा डबा चिंच लावून रांगोळीनं घासला, लख्ख केला, आणि त्यावरचा तो तपकिरी, मधासारखा रंग गेला तो गेलाच. हवा, तेल, हात यांनी वर्षानुवर्षं चढलेला थर असतो तो, अर्ध्या तासात उतरतो आणि परत चढायला दुसरा जन्म पाहिजे. मऊ सुती कापडानं धूळ तेवढी पुसायची, बस्स.

उजेडाचं म्हणाल तर फ्लॅश बंद, आणि खोलीतली ट्यूबलाइट पण बंद, कारण खिडकीचा उजेड एका रंगाचा आणि ट्यूबचा दुसऱ्या, दोन्ही एकत्र आले की पितळ धड पिवळं दिसत नाही धड हिरवं. खिडकीजवळ टेबल ओढायचं आणि उजेड बाजूनं येऊ द्यायचा. समोरून आला की सगळं सपाट होतंय, बाजूनं आला की प्रत्येक पोचा, प्रत्येक ठोका उठून दिसतो. आणि आपल्याकडं कोल्हापुरात जूनपासून जे आभाळ भरून येतंय ना, पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आपण आभाळाकडं बघून काळजी करतो, पण तो ढगातून गाळून आलेला मऊ उजेड या कामाला लई भारी. स्टुडिओवाले पांढरी छत्री लावून तसाच उजेड तयार करतात, आपल्याला तो पावसाळाभर फुकट मिळतो.

पितळेची एक गंमत आहे, ती जरा सावकाश सांगतो. चकचकीत धातू म्हणजे आरसा. तुम्ही समईचा फोटो काढता तेव्हा खरं तर समईला जे दिसतंय त्याचा फोटो निघतो, खिडकी, पंखा, तुमचा लाल टीशर्ट, तुमचा मोबाइल. काचेवरची चमक घालवणारा पोलरायझर फिल्टर उघड्या धातूवर फारसा चालत नाही, म्हणून तिच्यावर काय पडावं ते आपणच ठरवायचं. एका बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, पितळेवर लांब पांढरी रेघ येते, गोलाई कळते. दुसऱ्या बाजूला काळं कापड धरा, कडा ठसठशीत होते. थर्माकोल बोटभर पुढंमागं करून बघा, समईचा आकार डोळ्यादेखत बदलतो. या एका गोष्टीवर माझी सकाळ जाते आणि मला ती गेल्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मोबाइल असेल तर वस्तूला अगदी चिकटून काढू नका, तांब्याचं पोट फुगतं आणि तोंड बारीक होतं, दोन पावलं मागं या आणि टू-एक्स, म्हणजे दुप्पट झूम, वापरा. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता कमी, १०० वर, भिंगाचं तोंड बारीक, एफ ८ किंवा ११, आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबतानाचा हात हलत नाही. शटर सेकंदभर उघडं राहिलं तरी राहू दे, तांब्या कुठं पळून जात नाही.

फोटोग्राफीची सुरुवातच अशी झालीय. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या जनकांपैकी एक, फ्रान्सचा दागेर, त्यानं १८३७ साली स्टुडिओतल्या प्लास्टरच्या मूर्ती टिपल्या, कारण तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागायची आणि माणूस तेवढा वेळ हलल्याशिवाय कसा राहणार. पुढं १८४० च्या दशकात इंग्लंडच्या टॅलबॉटनं, तो पण त्यातलाच एक, कपाटातली चिनी मातीची भांडी मांडून फोटो काढला आणि म्हटलं की उद्या चोरी झाली तर हाच पुरावा. मला तर आपल्याकडची भांडी मोडीत जाताना हेच आठवतंय. वजनकाट्यावर किलोच्या भावानं जातात, आणि नंतर घरात कुणाला सांगताही येत नाही की नेमकं काय गेलं.

डोळा तयार करायचा असेल तर टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती आहे तिथं, रोमनांशी व्यापार होता त्या काळातली, हातात मावेल एवढी. घाई न करता बघा, उजेड कुठून येतोय, सावली कुठं पडतीय. आणि हे बाबूराव पेंटरांचं गाव आहे, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसानं सिनेमाचा कॅमेरा इथंच स्वतः बनवला. उजेड ओळखायची सवय या गावाला जुनी आहे.

शेवटी तांब्याचं सांगतो. आत्याकडं एक तांब्या होता, नुसता मळका, कुणी बघायचं पण नाही. संध्याकाळी खिडकीतून अगदी आडवा उजेड आला आणि गळ्याखाली बारीक ठिपके दिसायला लागले. भांड्यावर नाव घालतात ना ठोकून, ते. घासून घासून पुसट झालेलं, डोळ्यांना लागत नव्हतं, फोटो मोठा केला तेव्हा आजीचं माहेरचं नाव निघालं, खाली लग्नाचं साल, १९५१. प्रिंट काढून आत्याला दिली. तिनं कागदावरच बोट फिरवलं आणि म्हणाली, "आणि हा पोचा आहे ना, हा विहिरीवरनं पडला तेव्हाचा, मी पाडला होता, आईनं कधी कुणाला सांगितलं नाही."

पुढच्या रविवारी तिच्याकडची समई काढायचीय. काल फोन आला होता, घासून ठेवू का रे म्हणून. म्हटलं आत्या, हात पण लावू नकोस.