तिचं ‘नको’ ऐका

श्रोतेहो, नमस्कार. बुद्धीची वाढ मंद असलेलं मूल ज्या घरात आहे, त्या घराशी आज बोलायचं आहे. मी ‘मूल’ म्हणते, पण ते वीस-पंचवीस वर्षांचंही असेल. विषय शरीराच्या शिक्षणाचा आहे, म्हणून रेडिओचा आवाज कमी करू नका. आजी-आजोबा जवळ असतील तर त्यांनाही ऐकू द्या.

रावेरकडच्या एका घराची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगणार नाही. मुलगी 16 वर्षांची, समज पाच-सहा वर्षांच्या लेकरासारखी. आई न्हाणीचं दार उघडं ठेवूनच तिला अंघोळ घालायची. येणारा-जाणारा डोकवायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

विशेष शाळेच्या बाईंनी आईला तीन गोष्टी सांगितल्या. अंघोळीआधी कडी लावायची. अवयवांची खरी नावं घ्यायची: छाती, योनी, ढुंगण. आणि साबण लावण्याआधी विचारायचं, “लावू का?” विचारून झालं की मनात दहापर्यंत मोजायचं. पुन्हा सांगते, दहापर्यंत. या मुलांना प्रश्न कळायला आणि उत्तर सुचायला वेळ लागतो. आपण विचारतो आणि लगेच हात लावतो, मग त्या विचारण्याला काय अर्थ?

महिनाभरात पोरगी ‘नको’ शिकली, आणि सगळ्यालाच नको म्हणायला लागली. भाकरी नको, वेणी नको, गोधडी नको. आजी म्हणाली, पोरगी उद्धट झाली. बाईंनी बजावलं, औषध, रस्ता आणि चूल एवढं सोडून तिचं नको पाळा. भाकरीचं नको कुणी ऐकत नसेल, तर अंगाला हात लावणाऱ्याला नको म्हणून उपयोग होतो हे तिला कळणार कसं?

श्रावणात घरी कानबाई बसली, खानदेशातली देवी. रोटांच्या प्रसादासाठी सगळी भाऊबंदकी घरात. एका म्हाताऱ्या आबांनी नेहमीसारखं तिला मायेने मांडीवर ओढलं. तिने दोन्ही हात ताठ पुढे केले आणि ओरडली, “नको!” सगळे गप्प. तेव्हा वडील म्हणाले, “आबा, ती नको म्हनी राहिनी ना. राहू द्या.” आबांच्या मनात काही वावगं नव्हतं. तरी वडिलांनी चारचौघांत लेकीचा शब्द राखला.

(लहान पोरांना “काकांना पापी दे” म्हणून पुढे ढकलायची आपली रीत मला अजिबात पटत नाही. पोर कुठलंही असो.)

बाईंनी हाच सराव शाळेच्या गाडीतही करून घेतला होता. घरात शिकलेलं या मुलांना गाडीत आपोआप आठवत नाही, म्हणून सराव त्या-त्या जागी जाऊन करायचा. पुढे एक दिवस गाडीवरच्या माणसाने बसवताना तिच्या कपड्यात हात घातला. ती ओरडली, हात ढकलला, आणि घरी येऊन आईला म्हणाली, “गाडीवाला. योनी. नको म्हटलं.” चार शब्द. त्या चार शब्दांवर तक्रार झाली. तिला ‘शूची जागा’ शिकवली असती, तर शू लागली होती म्हणून विषय तिथेच मिटला असता.

चांगला स्पर्श, वाईट स्पर्श एवढंच शिकवून भागत नाही. त्रास देणारा बहुधा ओळखीचा असतो, चॉकलेट देतो, दुखवतही नाही. त्यापेक्षा नियम सरळ ठेवा: चड्डीच्या आतला भाग माझा, धुताना किंवा डॉक्टर तपासताना आई सोबत, आणि ‘कुणाला सांगू नको’ असं कुणी म्हटलं की आईला सांगायचं. बोलता न येणाऱ्याला चित्राचं कार्ड द्या. मुलगा चारचौघांत लिंगाला हात लावत असेल तर मारू नका. त्याला खोलीत न्या, दार लावा, जागा दाखवा. हे सगळं शिकवायचं ते रोज दहा मिनिटं, तेच शब्द, तीच वेळ.

गर्भाशय काढलं की काळजी मिटली, असं अजून काही घरांत बोललं जातं. 1994 साली शिरूरच्या मतिमंद मुलींसाठीच्या संस्थेतल्या मुलींची अशी ऑपरेशनं झाली, त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या ऑपरेशनाने पाळी थांबते, दिवस राहत नाहीत. अत्याचार थांबत नाही, उलट त्याची खूण पुसली जाते.

काही घडलंच तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे सावलीत वाळवून कागदात बांधा, प्लॅस्टिकमध्ये नको. “मामाने केलं का?” असं विचारू नका. “काय झालं?” एवढंच विचारा आणि ती बोलेल तेच शब्द लिहून ठेवा. लगेच दवाखान्यात न्या, तिथे उपचार फुकट मिळतात आणि आधी पोलिसांत जाऊन या म्हणून परत पाठवता येत नाही. मूल 18 वर्षांखालचं असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो, आणि कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे. जबाबाच्या वेळी विशेष शिक्षिका सोबत मागा, तो तिचा हक्क आहे.

मुलांसाठी फोन 1098, कुणाहीसाठी 112. लिहून घ्या, एक-शून्य-नऊ-आठ. आणि एक-एक-दोन.