सीपॅप लावल्यावर एवढी स्वप्नं का पडतात? आणि पहाटे मास्क का काढायचा नाही

राम राम मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आज त्यावरच बोलतो. "दादा, मशीन लावल्यापासून रोज स्वप्नं पडतात, सकाळी सगळी आठवतात. मशीन बिघडलंय का?" नाही, बिघडलेलं नाही. ते सांगतो, आणि मग पहाटेच्या मास्कबद्दल बोलतो. तिथे माझा आवाज चढेल, चढू द्या.

मी डॉक्टर नाही. चोपड्याचा माणूस, तीन वर्षं झाली मशीन लावून झोपतोय.

स्लीप ॲप्निया काय असतो ते तुम्हाला माहीत आहे, भराभर सांगतो. झोपेत घसा मिटतो, श्वास 10 सेकंद किंवा जास्त अडतो, मेंदू दचकून जागा होतो. श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडणं तासाला किती वेळा होतं, तो आकडा एएचआय. 5 च्या आत ठीक, 30 च्या वर गंभीर. माझा 41 होता. सीपॅप म्हणजे हेच मशीन, ते मास्कमधून येणाऱ्या हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय 1981 साली जगापुढे मांडला. झालं.

आता स्वप्नं. ठळक स्वप्नं पडतात ती आरईएम झोपेत, म्हणजे मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात त्या झोपेत. मोठ्या माणसाच्या झोपेचा साधारण 20 ते 25 टक्के भाग हा. साधारण दर दीड तासानं ती येते. पहिल्या फेरीत थोडी मिनिटं, आणि पहाटेकडे लांबत जाते. या झोपेत अंग सैल पडतं, म्हणून स्वप्नात पळालो तरी खाटेवरून उठून पळत नाही. पण घशाचे स्नायूही सैल पडतात! म्हणजे आपल्यासारख्यांचा श्वास बहुधा तिथेच जास्त अडतो, जास्त वेळ अडतो. स्वप्न सुरू झालं की गुदमर, गुदमरलं की जाग. वर्षानुवर्षं हेच. मशीन लागलं की मेंदू ती सगळी थकबाकी वसूल करायला बसतो. डॉक्टर त्याला आरईएम रिबाउंड म्हणतात. बहुतेकांचं काही दिवसांत, काही आठवड्यांत निवळतं.

मला चौथ्या रात्री वडील दिसले. केळीच्या बागेत, रात्रीच्या लाईटवर पाणी भरत होते. बॅटरीचा उजेड माझ्यावर टाकून म्हणाले, "घर जाय आते." जागा झालो तेव्हा उशी ओली होती. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत एकदाही स्वप्नात आले नव्हते. तेही असेच घोरायचे, मध्येच थांबायचे. आम्ही म्हणायचो, किती गाढ झोपलेत. तपासणी कोणाला माहीत होती तेव्हा?

नंदुरबारच्या एका ताईंनी लिहिलंय, स्वप्नात वारलेली आई आली म्हणून घरच्यांनी मशीन माळ्यावर टाकलं. ताई, ते आजच खाली काढा. आई आली कारण तुम्ही कित्येक वर्षांनी नीट झोपलात. हं, स्वप्नात कोणी हातपाय झाडत असेल, ओरडत असेल, शेजारच्याला मार बसत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायचंच.

आता मास्क. दर तिसरी कमेंट अशी: "चार तास लावतो, तीन-साडेतीनला काढून टाकतो. चार तास पुरे ना?" अहो, हा चार तासांचा आकडा अमेरिकेतल्या विम्याच्या नियमात असतो, पेशंट मशीन वापरतो की नाही हे बघायला. चार तासांनंतर घसा मिटायचा थांबतो असं कोणी म्हटलेलं नाही.

असं बघा. हरभऱ्याची राखण करायला माणूस ठेवला. रात्रभर बसला आणि पहाटे तीनला घरी गेला. रानडुकरं येतात पहाटे. मग राखण कशाची केली? तुमची स्वप्नाची झोप पहाटे, घसा सर्वांत सैल पहाटे, आणि मास्क उशाशी!

अजून पटत नसेल तर तुमच्या मशीनचं ॲप उघडा. "एएचआय 2 आलाय दादा, मस्त." मशीन मोजतं ते मास्क तोंडावर असेपर्यंतच. साडेतीननंतर श्वास किती वेळा अडला, त्याची नोंद त्यात नाहीच. पहिल्या महिन्यात मीही हेच करत होतो. आकडा छान, आणि सकाळी डोकं जड.

पहाटे मास्क का निघतो ते शोधा. माझं नाक कोरडं पडायचं. आपल्याकडे मे महिन्यात हवा कशी असते सांगायला नको. ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनची हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, तो वाढवला, त्यात बोअरचं पाणी बंद करून डिस्टिल्ड घातलं, क्षार बसायचा थांबला. कोणाचा मास्क सुटतो, हवा डोळ्यात जाते. पट्टा आवळू नका, दुसरं माप मागा. लाईट जाते? इन्व्हर्टरवर घ्या, ह्युमिडिफायरची गरमी बंद केली की बॅटरी बरीच जास्त चालते. आणि जाग आली तर मास्क काढून पाणी प्या, बाहेर जाऊन या, पण परत लावा. परत लावा!

आई अजून विचारते, "हाई काय बांधी लिधं रे तोंडले?" आणि रात्री तीच उठून बघते, मास्क जागेवर आहे ना.

शेवटचा प्रश्न शहाद्याच्या वहिनींचा. मालक पहाटे चारला पाणी भरायला उठतात, मग काय करायचं? उठले तर काढू दे, जागेपणी त्याचं काम नाही. पण दुपारी जेवून आडवे होतात म्हणालात ना, तेव्हा मास्क लावायला सांगा. ती डुलकीसुद्धा झोपच आहे.