अतिदक्षता विभागाची घडी

श्रोतेहो, नमस्कार. अतिदक्षता विभाग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मॉनिटर आणि व्हेंटिलेटर येतात. पण हा विभाग जन्माला आला, तेव्हा त्यात यंत्रे जवळजवळ नव्हतीच.

1952 मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येऊ लागले आणि त्या वेळच्या श्वसनयंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या 31 जणांपैकी 27 दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी एक मार्ग सुचवला. 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली गेली आणि इब्सेन यांनी रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. पुढचे काम मला त्याहूनही मोठे वाटते: असे सारे रुग्ण एकत्र आणले गेले आणि सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून कित्येक महिने, रात्रंदिवस, उशाशी बसून त्या पिशव्या दाबल्या. मृत्यूंचे प्रमाण हळूहळू चौघांत एकाच्या आसपास आले. तेथे कामी आली ती माणसांची नेमकी लावलेली घडी.

आजचा प्रश्नही त्या घडीचाच आहे. काही रुग्णालयांत दाखल करणारा प्रत्येक डॉक्टर आपापल्या वेळेला येऊन सूचना लिहून जातो. मग हृदयरोगतज्ज्ञ सलाईन कमी करायला सांगतात, मूत्रपिंडतज्ज्ञ वाढवायला सांगतात, आणि सिस्टर दोन्ही कागद हातात धरून उभ्या राहतात. याउलट जेथे अतिदक्षतेचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर पूर्णवेळ जबाबदार असतो, तेथे मृत्यू कमी होतात आणि मुक्कामही घटतो, असे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसून आले.

अमेरिकेतील मिशिगन राज्याचा अनुभव तर प्रत्येक रुग्णालयाने अभ्यासावा असा आहे. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणे, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाकणे, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे, एवढीच पाच कामे तेथे ठरवून दिली होती. एखादे काम चुकले, तर डॉक्टरांना तेथेच थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला होता. शंभराहून अधिक विभागांत हा प्रयोग झाला आणि दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असणे म्हणजे एक नळी-दिवस) 2.7 असलेला रक्तसंसर्गाचा मध्यक, म्हणजे सगळे विभाग क्रमाने लावले तर अगदी मधल्याचा आकडा, तीन महिन्यांत शून्यावर आला. याला महागडे यंत्र लागले नाही. परिचारिकेचा शब्द मानला जाईल एवढी व्यवस्था मात्र लागली.

आपले माणूस अशा विभागात असेल, तर भेटीच्या वेळी दोन गोष्टी जरूर विचारा: उपचारांचा अंतिम निर्णय कोणते डॉक्टर घेतात, आणि रात्रपाळीत एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात? धन्यवाद.